रोजच्या हाताचं वाद्य

माझ्यापाशी दोन वाद्यं आहेत. एक बेंजो, एक गिटार. दोन्ही तारांची, दोन्ही विजेवर चालणारी, दोन्हींवर माझा सारखाच जीव. आणि सुरतेतल्या खोलीत माझ्या वाट्याला जागा आहे ती एका माणसाच्या अंथरुणाएवढी. त्यातच डबा, पेटी, चार पुस्तकं. दोन वाद्यं मावत नाहीत. एक इथं राहणार, दुसरं सुरगाण्याला जाणार. तेव्हा रोज हातात घ्यायचं ते कोणतं, हे ठरवणं भाग आहे.

तुम्ही म्हणाल, चळवळीपुढं एवढा डोंगर उभा असताना हा गडी बेंजो-गिटार काय घेऊन बसला? दोस्तांनो, जरा दम धरा. माझा सगळा जोर त्या 'रोज' शब्दावर आहे. वर्षातून एकदा वाजवणारे हात आपल्यात पुष्कळ झालेत. रोज वाजवणारे हात शोधावे लागतात. हे वाजवण्यापुरतंच खरं आहे की वाचण्यालाही लागू पडतं, ते ज्यानं त्यानं आपल्या मनाशी विचारावं.

मी सुरगाण्याचा. नाशिक जिल्ह्याचं हे पश्चिमेचं टोक. पलीकडं गुजरात, डांगाचं रान. तालुका बहुतेक आदिवासींचा. कोकणा, वारली, महादेव कोळी. त्यात आमची बौद्धांची घरं बोटावर मोजण्याइतकी. पाऊस असा की चार महिने भिंतीला बुरशी. दिवाळी सरली की तालुका रिकामा होतो. कुणी दिंडोरी-पिंपळगावच्या द्राक्षबागांत जातं, कुणी गुजरातेत ऊसतोडीला. मी नववीतून शाळा सोडली आणि बोरगाव, सापुतारा, वघई करीत सुरतेला उतरलो. आता पांडेसऱ्याच्या एका प्रोसेस मिलमध्ये स्टेंटरवर आहे. ओलं कापड दोन्ही काठांनी पिनांत पकडून मशीन आत ओढतं. आत १८०-२०० अंशांची हवा. पलीकडून ताणलेलं, वाळलेलं, सरळ झालेलं कापड बाहेर पडतं. बारा तासांची पाळी. एक आठवडा दिवस, एक आठवडा रात्र. कापड सरळ होतं, माणूस वाकतो. कविता मी त्या मशीनपुढं मनात जुळवतो आणि खोलीवर आल्यावर वहीत उतरवतो.

आता वाद्यांची ओळख करून देतो.

बेंजो माझ्या आजाचा. आजा परळला गिरणीत होता. सुट्टीच्या दिवशी चाळीच्या बेंजो पार्टीत वाजवायचा. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. संप लांबत गेला, खोलीचं भाडं थकलं, आणि आजा एक पत्र्याची पेटी आणि हा बेंजो घेऊन सुरगाण्याला आला. गिरणीनं त्याला दिलं ते खोकला आणि बहिरा झालेला एक कान. बेंजो त्यानं स्वतःच्या पैशानं घेतला होता.

इंग्रज लोक बेंजो म्हणतात ते गोल, कातड्याचं वाद्य निराळं. आपला बेंजो म्हणजे बुलबुलतरंग. लाकडाची लांबट पेटी, वर तारा, तारांवर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हातानं बटण दाबायचं, उजव्या हातानं पत्ती मारायची. हे मूळचं जपानी. नागोया शहरातल्या गोरो मोरिता नावाच्या माणसानं १९१२ साली तिथल्या एका जुन्या दोन तारांच्या वाद्याला टाइपरायटरच्या धर्तीवर कळा बसवल्या. त्याला नाव पडलं ताइशोगोतो. ते बोटीतून इकडं आलं, बुलबुलतरंग झालं, आणि मुंबईच्या चाळीत शिरून बेंजो झालं. पिकअप लागला, ॲम्प्लिफायर लागला, कर्णे लागले, आणि ते वरातीत, गणपतीत, १४ एप्रिलच्या मिरवणुकीत हातगाडीवर चढलं. आजाच्या बेंजोला परळच्या एका रेडिओ दुरुस्तीवाल्यानं पिकअप बसवून दिला होता. तो अजून चालतो.

गिटार माझ्या पगाराची. उधन्यात एक ऑर्केस्ट्रावाला सामान विकत होता, त्याच्याकडून साडेचार हजाराला घेतली. तीन हप्त्यांत. नवी नाही, नावाजलेलीही नाही. टेलिकास्टरच्या घडणीची नक्कल आहे. पण मूळ टेलिकास्टरची कथा मी फोनवर शोधून वाचली तेव्हा मला ही नक्कलसुद्धा जवळची वाटली. लिओ फेंडर हा अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवायचा. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. पण वाजवणारे लोक मोडलेलं सामान घेऊन त्याच्याकडं यायचे, त्यामुळं कुठं काय मोडतं ते त्याला ठाऊक. १९५० च्या सुमारास त्यानं भरीव लाकडाची गिटार बाजारात आणली. १९५१ पासून तिचं नाव टेलिकास्टर. जुन्या गिटारींची मान सरसानं चिकटवलेली असायची. मान मोडली की चांगला कारागीर गाठावा लागे. फेंडरनं मान चार स्क्रूंनी बसवली. स्क्रू काढा, मान काढा, दुसरी लावा. एक आवाजाची कळ, एक सुराचा पोत बदलणारी, एक तीन घरांचं बटण. बस्स. कारखान्यातल्या माणसाला एका नजरेत कळावी अशी ती वस्तू आहे.

विजेच्या बाजूनं पाहिलं तर ही दोन्ही वाद्यं सख्खी भावंडं. पिकअप म्हणजे काय? लोहचुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली केसासारखी तांब्याची तार, हजारो वेढे. वर पोलादी तार थरथरली की चुंबकाचं क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत वीज उपजते. ती ॲम्पला जाते, ॲम्प तिला मोठी करतो. मिलमधला वायरमन मोटार रिवाइंडिंग करतो तेव्हा तोच धर्म. हा धर्म १८३१ साली मायकेल फॅरडेनं प्रयोगानं दाखवला. फॅरडे लोहाराचा पोर. पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवार होता आणि बांधायला आलेली पुस्तकं वाचून शिकला. आपल्यासारख्यांनी ही गोष्ट उशाशी ठेवावी.

आता वादाचा मुद्दा. सुरगाण्यात आमची पोरं आहेत, जयंतीला गाणी बसवतात. त्यांच्यातला एक कार्यकर्ता मला म्हणाला, "दादा, गिटार ही बंगल्यातल्या पोरांची. बेंजो आपला. तू आपलं वाद्य सोडून त्यांचं कशाला धरतोस?"

ह्या 'आपलं'चा मी पुष्कळ दिवस विचार करतोय.

आपलं म्हणजे काय? बेंजो जपानचा. हार्मोनियमची पेटी युरोपातून आलेली. गिटार स्पेनकडची, वीज तिला अमेरिकेत लागली. जन्माच्या दाखल्यानं पाहायला गेलं तर जलशातल्या पेटीलाही मिरवणुकीबाहेर काढावं लागेल. आणि जन्मानं, वंशपरंपरेनं 'आपलं' म्हणून जे वाजवणं आपल्या गळ्यात अडकवलं होतं, त्याची आठवण आहे ना? आमचं मूळ गाव घाटावरचं. पणजा तिथं पालखीपुढं वाजवायचा. पालखी देवळात जायची, पणजा बाहेर उन्हात. वाजवणं ही कला नव्हती, ती गावकी होती. येसकराची काठी, मेलेलं ढोर ओढणं, मर्तिकाचा सांगावा घेऊन धावणं, त्यातलंच एक वाजवणं. मोबदला म्हणून भाकरी, तीही वरून टाकलेली. ह्या वतनाच्या बेडीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात बिल आणलं. कागदावरून वतन गेलं ते १९५८ च्या कायद्यानं. पण आमच्या पणजानं त्याआधीच, १९५६ च्या धर्मांतरानंतर, पालखीपुढं वाजवणं थांबवलं. गावानं पाणी तोडलं. घर उठलं आणि सरकत सरकत सुरगाण्याला आलं. आमच्या घरात पंचवीस वर्षं एकही वाद्य नव्हतं. ती शांतता फार किमतीची होती. आजानं परळला बेंजो घेतला तेव्हा त्या शांततेनंतरचा पहिला सूर घरात आला. आणि तो कुणाच्या पालखीपुढं वाजला नाही.

हलगी-डफाला मी नावं ठेवत नाही. नाशिकच्या भीमराव कर्डकांचे आंबेडकरी जलसे १९३० च्या दशकात गावोगाव फिरले ते तमाशाच्याच घडणीतून. वाद्य तेच, पण वाजवणाऱ्याची मान ताठ. तिकडं चेन्नईत २०१८ च्या जानेवारीत 'कास्टलेस कलेक्टिव्ह'चा पहिला कार्यक्रम झाला. त्यात लोकांचं गाना-गाणं होतं, परई ढोल होता आणि इलेक्ट्रिक गिटारही होती. परई हा तिथल्या अस्पृश्यांच्या माथी मारलेला ढोल. इंग्रजीतला 'परिया' शब्द त्याच्याच मुळातून निघाला. त्यांनी तो ढोल फेकला नाही, उचलून मंचावर आणला आणि शेजारी गिटार उभी केली. दोन्ही वाटा माणसाच्या आहेत. आणि खुद्द बाबासाहेब? त्यांनी उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतलं. इटलीत जन्मलेलं वाद्य. एवढ्या कामातून, एवढ्या दुखण्यातून, बोटं तारेवर ठेवून पहिल्यापासून शिकणं! त्यांना कुणी विचारलं असेल का, हे वाद्य आपलं आहे काय म्हणून?

तेव्हा माझा हिशेब असा. ज्या वाद्यावर तुमचा रोजचा घाम पडतो ते तुमचं. दाखला तपासू नका, तारा तपासा. गंजल्या असतील तर ते वाद्य कुणाचंच नाही.

म्हणून मी दोन्ही वाद्यं रोजच्या कसोटीला लावली. मिरवणुकीच्या नव्हे, मंचाच्या नव्हे. बारा तासांच्या पाळीनंतरच्या अर्ध्या तासाच्या कसोटीला.

पहिली कसोटी हाताची. स्टेंटरवर गरम कापड सारखं हाताळून बोटांची टोकं कोरडी पडतात, चिरतात. चिरेत रंग बसतो. अशा बोटानं गिटारची पोलादी तार दाबणं म्हणजे जखमेवर धार. पहिले तीन महिने मी दात आवळून वाजवली. मग नऊच्या तारा लावल्या, म्हणजे सगळ्यात बारीक तारेची जाडी इंचाच्या हजारात नऊ भाग. त्यानं त्रास कमी झाला आणि बोटांना घट्टे पडले. बेंजोचं तसं नाही. बटण दाबलं की सूर. चिरलेलं बोट असो, सुजलेलं असो, सूर तोच. आजाच्या उजव्या हाताची दोन बोटं आखडलेली होती, तरी डाव्या हातानं बटणं आणि उजव्या मुठीत पत्ती धरून तो शेवटपर्यंत वाजवत होता. ह्या कसोटीत बेंजो सरस. दमलेल्या हातावर त्याची दया आहे.

दुसरी कसोटी रात्रीची. आमच्या खोलीत आठ जण. चौघं दिवसपाळीचे, चौघं रातपाळीचे. अंथरूण कधी थंड होत नाही. दिवसा वाजवा की रात्री, कुणीतरी झोपलेलं असतंच. बेंजोची पेटी पोकळ, ॲम्प न लावताही ती बोलते. आणि वर बटणांची टकटक. एका दुपारी मी हळूच वाजवायला बसलो तर ओरिसाच्या गंजाम जिल्ह्यातला आमचा एक सोबती उठून बसला. रागावला नाही. फक्त म्हणाला, "भाई, रात को फिर बारा घंटा खडा रहना है." मी बेंजो गुंडाळून ठेवला. मजुराची झोप मोडून कसलं आलंय गाणं! गिटारचं मात्र उलटं. विजेची गिटार, पण वीज न लावता वाजवली तर जगातलं सगळ्यात मुकं वाद्य. भरीव लाकूड, आत पोकळी नाही. कान तिच्या अंगाला टेकवला तर मलाच ऐकू येतं, शेजारच्या उशीला नाही. ज्या वाद्याला लोक गोंगाटाचं म्हणतात, ते आठ माणसांच्या खोलीत कुणाला न उठवता वाजतं. ही गोष्ट हाती लागली तेव्हा मी एकटाच हसलो.

तिसरी कसोटी विजेची. सुरगाण्यात वळवाचं वारं सुटलं की लाइट गेलीच. मागच्या एका जयंतीला मी दोन्ही वाद्यं घेऊन गेलो होतो. संध्याकाळी सभा सुरू झाली, दोन गाणी झाली आणि अंधार. ॲम्प मेला. गिटार माझ्या गळ्यात लाकडाच्या फळीसारखी. बेंजो तेवढा बोलत राहिला. कर्णा नव्हता, पण अंगणाला पुरेल एवढा आवाज त्या पेटीत होता. माणसं जवळ सरकली. कंदील आला. वामनदादांची गाणी म्हटली. वामनदादा कर्डक आपल्याच जिल्ह्याचे, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. मुंबईत मोलमजुरी करत मोठेपणी अक्षर शिकले आणि २००४ साली जाईपर्यंत लिहीत-गात राहिले. त्या कंदिलाच्या उजेडात बेंजोवर गाताना कुणाला वीज आठवली नाही. उलट वीज असते तेव्हा माझ्या गिटारला दुसरंच दुखणं. तिचा पिकअप एका वेटोळ्याचा. ट्यूबलाइट, पंखा, मोटार, सगळ्यांची वीज तो पकडतो आणि गुणगुणतो. आपल्या तारांतली वीज सेकंदाला ५० फेऱ्यांची. तो आवाज संगीतातल्या जी सुराच्या अगदी जवळ, जी ४९ चा. म्हणजे मिलमधली मोटार दिवसभर एकच सूर धरून बसलेली असते आणि खोलीवर आल्यावर गिटारही तोच सूर धरते. दोन वेटोळ्यांचे, उलटसुलट जोडलेले पिकअप असतात, त्यांत ही गुणगुण एकमेकांत मरते. ते माझ्या खिशाबाहेर.

चौथी कसोटी दुरुस्तीची. सुरगाण्याच्या पावसात कोणतीही तार आठ दिवसांत काळी पडते. गिटारची मान ओल्या हवेत वाकते. पण मानेच्या आत लोखंडी सळई आहे, एलन की घालून पाव आटा फिरवला की मान सरळ. मिलच्या फिटरनं मला ती एलन की दिली आणि म्हणाला, "घाई करू नकोस, पाव आटा, मग एक दिवस थांब." मशीनला लागू तेच लाकडाला. बेंजोच्या बटणांखाली बारीक स्प्रिंगा असतात. गंजल्या की बटण खाली जातं ते वर येत नाही. त्या स्प्रिंगा विकत मिळत नाहीत. आजा बॉलपेनमधली स्प्रिंग काढून, कापून बसवायचा. तीच मीही बसवतो. आणि बेंजोला तार हवी तर गिटारचीच बारीक तार चालते. एकाची तार दुसऱ्याला लागते. ह्या कसोटीत दोघं बरोबरीत सुटले.

पाचवी कसोटी शब्दांची. इथं मात्र माझं मन स्पष्ट झालं. बेंजोला चाल लागते. तुम्ही गाणं म्हणा, तो पुढं पळतो, तुमच्या आधी चाल गाठतो, गर्दीला नाचवतो. त्याचा सूर धारदार. ढोल-ताशाच्या गोंगाटातून आरपार जातो. पण त्याचे सूर बटणांपुरते. दोन बटणांमधल्या जागेत जे रडणं असतं, माणसाच्या गळ्यात असतं तसं, ते त्याला पुरतं येत नाही. आजा बटण दाबून वर जोर द्यायचा, सूर थोडा थरथरायचा, तेवढंच. गिटारवर तार बोटानं ओढली की सूर वाकतो, चढतो, तुटता तुटता थांबतो. आणि चाल नसलेल्या शब्दांचं काय? आपली कविता मुक्तछंदातली. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ साली आला, त्यानंतर आपल्या पोरांनी वृत्तांच्या चौकटी मोडून लिहिलं. अशी कविता बेंजोवर म्हणायला गेलं तर बेंजो चालीसाठी हट्ट धरतो. गिटार हट्ट धरत नाही. एक मेळ वाजवायचा आणि तारा थरथरत ठेवायच्या. ती खाली थांबून राहते. शब्द हवे तेवढे लांब होतात, हवे तिथं मोडतात. मी मिलच्या गेटबाहेर चहाच्या गाडीपाशी अशा कविता म्हणून पाहिल्या. दोन मेळ, बाकी सगळे शब्द. पाळी सुटलेली माणसं सायकलवर एक पाय टेकवून ऐकत होती. त्यांच्यातले अर्धे मराठी न जाणणारे. तरी थांबले.

एवढं होऊनही निकाल लागत नव्हता. हात आणि अंधार बेंजोच्या बाजूनं, रात्र आणि शब्द गिटारच्या बाजूनं.

मग एका रजेत मी एका कोकणा म्हाताऱ्या बाबांकडं बसलो. ते पावरी वाजवतात. पावरी म्हणजे वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, पुढं फुगलेलं तोंड. डोंगऱ्या देवाच्या उत्सवात, मार्गशीर्षात, पावरीशिवाय पाऊल उचलत नाही. तिचं विशेष असं की सूर मध्ये तुटू द्यायचा नाही. गालात हवा धरून नाकानं श्वास घ्यायचा आणि फुंकर चालूच ठेवायची. रात्र रात्र. मी विचारलं, "बाबा, उत्सव वर्षातून एकदा, मग वर्षभर काय?" ते म्हणाले, रोज पाण्याच्या तांब्यात नळी घालून फुंकतो, बुडबुडा तुटू देत नाही. पावरी खुंटीला असली तरी श्वास कामावर असतो.

हे ऐकलं आणि मला माझा प्रश्न नव्यानं दिसला. मी वाद्याकडं पाहत होतो. पाहायला हवं होतं ते कुठल्या वाद्याजवळ कुणाचा श्वास कामावर आहे तिकडं. आपल्या वस्त्यांतली वाद्यं आठवून पाहा. १३ एप्रिलला कपाटातून निघतात, झटकली जातात, १४ ला वाजतात, १५ ला परत कुलपात. काही ठिकाणी तेवढंही नाही. भाड्याचा डीजे येतो, छाती हादरते, कुणाचंच बोट हलत नाही, आणि वस्तीचे पैसे गाडीत बसून निघून जातात. वाजवणारी वस्ती ऐकणारी झाली. आणि ऐकणारी वस्ती, दोस्तांनो, हळूहळू फक्त घोषणा देणारी होते.

त्याच रजेत अकरावीतली एक मुलगी घरी आली. आईशी बोलता बोलता बेंजोकडं बघत होती. मग म्हणाली, "दादा, हा इथं ठेवून जाल का? मला संध्याकाळी तासभर द्या. मी गाडीवर चढायचं म्हणत नाही, मला घरात वाजवायचाय." आई म्हणाली, "पोरीला का गाडीवर चढू नको म्हणता? बटणाला काय माहीत, बोट पोराचं का पोरीचं!" आजा असता तर आईच्या ह्या वाक्यावर त्यानं आखडलेल्या बोटांनी टाळी वाजवली असती. मुलीनं बसून दोन गाणी काढली. कुणी शिकवलं नव्हतं, ऐकून बटणं शोधली. सुरगाण्यात गिटार शिकवणारं कुणी नाही, बेंजोचा कान मात्र घरोघर आहे. शिवाय तिथं लाइट जाते.

निकाल लागला. बेंजो सुरगाण्याला. गिटार माझ्याजवळ, सुरतेत. रातपाळीच्या आठवड्यात सकाळी साडेआठला, दिवसपाळीच्या आठवड्यात रात्री नऊला, अर्धा तास. ॲम्प न लावता. अंगाला कान टेकवून. गिटार मोठी आणि बेंजो लहान म्हणून नव्हे. माझा रोजचा हात इथं आहे आणि बेंजोला रोजचा हात तिथं मिळाला म्हणून. आठवड्याच्या सुट्टीला चहाच्या गाडीपाशी छोटा ॲम्प लावीन आणि जी सुराच्या गुणगुणीसकट कविता म्हणेन.

सुरगाण्यातल्या पोरांसाठी आणि पोरींसाठी चार गोष्टी इथंच लिहून ठेवतो, म्हणजे पुढं कुणी 'आम्हाला माहीत नव्हतं' म्हणायला नको.

बेंजो विहारात ठेवा, पण कपाटात नको. खुंटीवर, हात पोचेल अशा उंचीवर. वर स्वच्छ फडकं. पावसाळ्यात वाजवून झालं की तारा कोरड्या कापडानं पुसायच्या, खोबऱ्याच्या तेलाचं बोट फिरवायचं. बटणांवर आजानं रंगानं आकडे लिहिलेत, ते खरवडू नका. अक्षर न येणारा माणूसही त्या आकड्यांवर गाणं काढू शकतो, आजानं ते त्याचसाठी लिहिलेत. संध्याकाळी पहिला तास त्या मुलीचा. तिच्यानंतर ज्याला वाजवायचं त्यानं वाजवावं, वय विचारू नये, पोटजात तर नाहीच नाही. कोकणा-वारल्यांची पोरं आली तर त्यांना बसवून घ्या, आणि त्या पावरीवाल्या बाबांना बोलवा, त्यांच्याकडून श्वास शिका. जयंतीला बेंजो गाडीवर चढेल तेव्हा वर्षभर ज्यांनी वाजवला त्यांनीच तो वाजवायचा. भाषणं करणाऱ्यांनी खाली उभं राहून ऐकायचं. मीसुद्धा.

पुढच्या रजेला बेंजो पोचता करतोय. सोबत नऊच्या तारांची दोन पाकिटं, एक छोटा स्क्रू डायव्हर, आणि मिलमध्ये रिकाम्या झालेल्या बॉलपेनांतून जमवलेल्या अकरा स्प्रिंगा. कुलूप पाठवत नाही.

जयभीम.